कंपनीचंच आहे

आप्पा तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव वेगळं असेल, गाडी वेगळी असेल. पण रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून त्यावर पाने मांडून बसलेला, ग्रीसने बनियनचा मूळ रंग विसरायला लावलेला आणि खाली दूध आणायला आलेल्या माणसाला ‘जरा एवढं धर रे’ म्हणून दूध नासेपर्यंत अडकवून ठेवणारा एक साठीपुढचा गृहस्थ तुमच्याकडेही असणारच. आमच्याकडच्याची गाडी येझदी रोडकिंग आहे, 1984 ची.

ही गाडी बिघडत नाही. ती सिग्नलला बंद पडते, चढावर दम खाते, पावसात रुसते, पार्किंगमध्ये तेलाचा नकाशा काढते, पण बिघडत नाही. कारण तिच्यात जे जे काही होतं, ते कंपनीचंच असतं.

पहिल्यांदा मी त्यांच्या मागे बसलो तेव्हा गुडघ्याखाली कुठेतरी खळखळ असा आवाज येत होता. मी घाबरून विचारलं, तर आप्पांनी मान न वळवता सांगितलं, ‘तो आवाज कंपनीचाच आहे.’ मी गप्प बसलो. पुढच्या चौकात साइड पॅनल निखळून रस्त्यावर पडलं. आप्पांनी ते उचललं, पुसलं, काखेत मारलं आणि म्हणाले, ‘याचा स्क्रू नाजूकच दिलाय. कंपनीनंच.’

तेव्हापासून मी या वाक्याची मोजदाद सोडून दिली. हेडलाइट मिणमिणतो आणि रेस केली तरच समोरचं दिसतं. कंपनीचंच आहे, सहा व्होल्टची गाडी. उभ्या गाडीला काय बघायचंय? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांना टू-स्ट्रोक ऑइलचा वास लागला. धूर कंपनीचाच, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच घालायचं असतं, ते काही मी चवीला घालत नाही. सोसायटीच्या चेअरमननी तेल गळतीबद्दल लेखी नोटीस लावली, तेव्हा आप्पांनी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं : गळतंय याचा अर्थ आत आहे.

एका लग्नात हॉलच्या पार्किंगवाल्या पोराला त्यांनी मोठ्या मनाने किल्ली दिली. रोडकिंगला किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तोच मागे फिरवून उभा केला की किक होते, खाली पाडला की गिअर. पोरगं दोन्ही बाजूंनी वाकून किक शोधत राहिलं. मागे गाड्यांची रांग लागली, नवरदेवाची गाडी अडकली, बँडवाल्यांनी तेच गाणं परत सुरू केलं. आप्पा मात्र मंडपाच्या दारात हाताची घडी घालून हे सगळं डोळे भरून बघत होते. वधूच्या मामांनी हात जोडले तेव्हा कुठे ते हलले. ‘चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीनंच केलेली युक्ती आहे,’ त्यांनी मामांना सांगितलं. ती तशी नाही, हे मला ठाऊक होतं. मामांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

यातली खरी गंमत अशी, की ती कंपनी आता नाहीच. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. आधी चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर तिथे जावा बनत, 1973 पासून त्याच गाड्या येझदी म्हणून निघू लागल्या, आणि 1996 साली कारखान्याला कुलूप लागलं. त्यांचं घोषवाक्य होतं, ‘फॉरेव्हर बाइक, फॉरेव्हर व्हॅल्यू’. कंपनीने स्वतः ते फार मनावर घेतलं नाही. आप्पांनी घेतलं. कुलूप लागल्यावर तक्रारी ऐकायला, खुलासे द्यायला आणि गाडीची बाजू मांडायला कोणीतरी हवंच होतं, ते खातं आप्पांनी बिनपगारी चालवायला घेतलं.

2022 मध्ये येझदी हे नाव नव्याने बाजारात आलं. 334 सीसी, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, बटणावर सुरू होणारं. मी हौसेने आप्पांना शोरूममध्ये घेऊन गेलो. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून सायलेन्सरचा वास घेतला, आणि त्या कोऱ्या करकरीत, कंपनीतून थेट आलेल्या गाडीकडे बोट दाखवून सेल्समनला म्हणाले, ‘ही कंपनीची नाही.’

असो. मुद्दा चिमट्याचा आहे.

चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये बसतं तो भाग. पुढे इंजिनच्या मागे एका आडव्या बोल्टवर तो झुलतो, मागे दोन शॉकॉप्सर त्याला धरून ठेवतात. खड्डा आला की चाक वर जातं, चिमटा वर जातो, शॉकॉप्सर दाबला जातो, आणि सगळं परत खाली येतं. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर त्याला विश्रांती कशी ती नाही. त्यातून आप्पा नुसती गाडी चालवत नाहीत, दौरे काढतात. हंपी, गणपतीपुळे, आणि दर काही वर्षांनी न चुकता म्हैसूर. त्यासाठी त्यांनी पत्र्याच्या दोन पेट्या करून घेतल्या आहेत. त्यांत ट्यूब, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच केबल, स्टोव्ह, काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, दिलेला चिवडा आणि एक लहानशी ऐरण असते. ऐरण कशाला, हे मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही वरंध घाटात होतो. वाघजाईच्या देवळापाशी भजी खाऊन महाडकडे उतरायला लागलो, आणि मला जाणवलं की पुढचं चाक आप्पा म्हणतील तिकडे चाललंय आणि मागचं त्यावर थोडा विचार करून मग येतंय. डाव्या वळणावर ठीक. उजव्या वळणावर बूड एकदम बाहेर सरकायचं.

‘आप्पा, गाडी मागून हलतेय.’

‘तू हलतोयस.’

‘मी मुळीच हललो नाही.’

‘मग भजी हलली असतील. अरे, येझदी मागून थोडी मोकळीच असते. कंपनीनंच…’

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरून एस.टी. आली. आम्ही आपापल्या देवांची नावं घेतली. खाली सपाटीला लागल्यावर मी टपरीशी उतरलो आणि पुढचा प्रवास त्याच एस.टी.च्या बहिणीतून करायचा निश्चय जाहीर केला. आप्पा एकटेच पुढे गेले. जाताना टायरकडे बघत होते, हे मात्र मी पाहिलं.

नाना पेठेतल्या मिस्त्रीकडे ते मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. मिस्त्री कमी बोलतो. त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोरी ताणली. दोरी पुढच्या चाकाशी बोटभर लांब उभी राहिली. त्याने टायर दाखवला, एका कडेला झिजलेला. स्पॉकेट दाखवलं, त्याचे दात एकाच बाजूने घासलेले. मग चाक काढलं, चिमटा उतरवला, घासून रंग काढला आणि डाव्या दांडीवर रॉकेलचा बोळा फिरवला. थोडा वेळ बिडी ओढली. मग दांडी कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड चोळली.

जिथे चिरलेलं असतं तिथे रॉकेल आत जिरतं आणि हळूहळू पांढऱ्या पुडीवर परत उमटतं. आम्ही तिघे बघत राहिलो. शॉकॉप्सरच्या बुडाशी, एका जुन्या वेल्डिंगच्या काठाला लागून, केसाएवढी काळी रेघ वर आली आणि दांडीला अर्धा वळसा घालून थांबली.

‘क्रॅक,’ मिस्त्री म्हणाला.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘शिवण आहे ती. पाइपाची. कंपनीची.’

‘आप्पा, शिवण सरळ जाते. ही आडवी आलीय.’

‘मग कंपनीनं आडवी…’

‘आणि हा टाका कुणी मारला?’ मिस्त्रीने त्या जुन्या वेल्डिंगवर नख वाजवलं.

पेटीचा आधार म्हणून तिथे एक पट्टी डकवलेली होती. ती आप्पांनीच, म्हैसूरच्या कुठल्याशा दौऱ्याआधी, रस्त्यावरच्या वेल्डरकडून मारून घेतली होती. वेल्डिंगच्या कडेचं लोखंड तापून-निवून कडक होतं, लवायचं विसरतं. वरून पेट्यांचा भार, खालून खड्ड्यांचा मार, आत पाइपात साठलेलं पाणी आणि गंज. अशा ठिकाणी लोखंड एकदम तुटत नाही. रोज केसाएवढं सरकतं आणि एक दिवस घाटात हिशेब मागतं. मिस्त्रीने हे सगळं एका वाक्यात सांगितलं, त्यातले निम्मे शब्द छापता येण्यासारखे नाहीत.

आप्पा काहीच बोलले नाहीत. कंपनीचं असं ज्याला म्हणता येणार नाही, असं त्या गाडीत निघालेलं ते पहिलंच दुखणं होतं, आणि ते नेमकं त्यांच्या हातचं होतं.

पुढचे काही दिवस सोसायटीला सोन्याचे गेले. धूर नाही, आवाज नाही, दूध वेळेवर. आप्पा घरात बसून वेल्डिंगचा अभ्यास करत होते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने व्हीच्या आकाराची खाच मारायची. चिमटा साच्यात घट्ट धरायचा, नाहीतर तापून वाकतो. मग भरायचं, वर जोडपट्टी द्यायची. हे त्यांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा एका अंत्ययात्रेत समजावून सांगितलं. शेवटी मिस्त्रीनेच विचारलं, ‘मागे कोण बसणार आहे?’ आप्पा म्हणाले, ‘ही.’ ही म्हणजे काकू. ‘मग वेल्डिंग नको,’ मिस्त्री म्हणाला, आणि अभ्यास संपला.

दुसरा चिमटा शोधायचा तर रविवारी जुन्या बाजाराला जाणं आलं. कुंभार वेशीजवळच्या त्या गर्दीत पितळी घंटा, फुटके मिक्सर, ग्रामोफोनचे कर्णे आणि मेलेल्या मोटारसायकलींचे अवयव शेजारी शेजारी मांडलेले असतात. एका विक्रेत्याकडे चिमटा मिळाला. काळा कुळकुळीत, चकाकता.

‘घ्या साहेब. डोळे मिटून घ्या. कंपनीचाच आहे.’

मी आप्पांकडे पाहिलं. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर जात होतं, उलट्या दिशेने येताना त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचे कान लाल झाले.

‘कशावरून?’ आप्पा म्हणाले.

‘म्हणजे काय साहेब? बघा ना, आवाज बघा.’ त्याने पान्याने टण्णकन वाजवून दाखवला.

आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि शॉकॉप्सरच्या बुडाशी रंग खरवडला. खाली लांबी निघाली, म्हणजे भिंतींना भरतात ती. लांबीखाली चीर होती. आप्पांच्यापेक्षा मोठी.

त्या माणसाला ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते उकिडवे बसले आणि त्याला शांतपणे विचारू लागले, की असा चिमटा घेतो कोण? कॉलेजची पोरं, तो म्हणाला. हल्ली फॅशन आहे ना साहेब, जावा-येझदी. जुलैच्या दुसऱ्या रविवारी तो त्यांचा दिवस असतो, त्याच्या आधी तर मागणी विचारू नका.

ती पोरं मला माहीत आहेत. आप्पांकडे येतात. रात्री अकराला बेल वाजते, दारात एखादा केस वाढवलेला मुलगा उभा असतो, गाडी पुलावर बंद पडलेली असते. आप्पा लुंगीवर खाली उतरतात, स्वतःच्या गाडीतला कंडेन्सर काढून त्याच्या गाडीत घालतात आणि त्याला घरापर्यंत सोडायला जातात. परत येताना आप्पांची गाडी कंडेन्सरवाचून ढकलत आणावी लागते. ती कोण ढकलतं हा प्रश्न इथे गौण आहे. पैसे ते घेत नाहीत, पाठ मात्र देतात : ‘घाबरू नकोस, हा दोष कंपनीचाच आहे.’ पोरगं हसतं. गाडी आपण बिघडवली नाही, एवढाच दिलासा त्याला हवा असतो. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि आप्पांच्या बाबतीत काही बरं बोलायची वेळ आल्याचा मला थोडा रागही आला.

चिमटा शेवटी साताऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या गाडीचा मिळाला. मिस्त्रीने रॉकेल-खडू केला, दोरी लावली, नवे बुश घातले. पेट्यांचा आधार आता चिमट्यावर नाही, वर चॅसीला बोल्टने आहे, आणि ऐरण घरी राहते. पहिल्या फेरीला मीच मागे होतो. गाडी वळणावर सरळ वळली. आप्पा जरा नाराज दिसले. ‘फार घट्ट वाटतेय,’ म्हणाले. ‘कंपनीची अशी नव्हती.’

जुना चिमटा भंगारात द्यायचा ठरला. भंगारवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा आप्पा पार्किंगमध्ये गोणपाटावर बसून हॅक्सॉने तो कापत होते. चिरेच्या अल्याड एक काप, पल्याड एक. घाम निथळत होता, एक पातं तुटलं होतं. मी धरू का विचारलं, तर नको म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच नको म्हणाले.

‘कापला कशाला आप्पा?’ भंगारवाला हळहळला. ‘अख्खा असता तर दुप्पट दिले असते.’

‘म्हणूनच कापला,’ आप्पा म्हणाले. ‘वजन कर.’