नाली तासाला किती मिलिमीटरची?

मे उजाडला की वऱ्हाडात नालेसफाई सुरू होते. जेसीबी नाल्यात उतरतो, काळा गाळ आणि प्लास्टिक उपसून काठावरच ढीग लावतो. मृगाची पहिली दमदार सर आली की तो ढीग पुन्हा नाल्यात! हा घरपट्टीच्या पैशाचा चुराडा आहे.

21 जुलै 2021 च्या रात्री अकोल्यात 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि मोर्णा नदीचं पाणी खडकी, कौलखेडच्या वस्त्यांत शिरलं. याच मोर्णेतली जलकुंभी काढायला जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर राबले होते. ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण नदी स्वच्छ करणं वेगळं आणि पुराला वाट ठेवणं वेगळं.

पाऊस बदललाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्येच सांगितलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणून वार्षिक सरासरी पाहून नाली बांधणं चूक आहे. हिशेब तासाचाच हवा. तासात 50 मिलिमीटर पडला तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर! आपली काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, मग पाणी मुरतच नाही. त्यात जुन्या रस्त्यावर नव्या काँक्रीटचा थर चढतो. रस्ता वर जातो, घराचा ओटा खाली राहतो. नाली मात्र तीच दीड फुटाची, तिच्यावरही दुकानाची फरशी.

मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या होत्या. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर 50 ची क्षमता गाठण्याच्या कामाला वेग द्यावा लागला. आपण तशा प्रलयाची वाट पाहायची का? अमरावतीत अंबा नाल्याचं पात्र आणि अकोल्यात मोर्णेचा काठ मोजून, आखून मोकळा ठेवला पाहिजे. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला पाहिजे. रस्ता करताना जुना थर खरवडूनच नवा घातला पाहिजे.

तुमच्या वॉर्डात नालीचं भूमिपूजन असेल तेव्हा नारळ फुटण्याआधी इंजिनिअरला विचारा, ही तासाला किती मिलिमीटर पाऊस वाहून नेईल? आकडा लेखी मागा.