फ्रिजवरचे थोर लोक

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि दिनविशेष यांच्या जोडीला सुविचार असतो. तो ऐकून कुणाचे पाढे पाठ झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तरीही सहावीतल्या चिरंजीवांनी अभ्यासाला बसावं म्हणून मी फ्रिजच्या दारावर थोरामोठ्यांचे विचार आणि प्रसंग चिकटवू लागलो. मी त्याला प्रेरणा म्हणायचो. बायको पसारा म्हणायची.

जिद्दीसाठी पहिला मान एडिसनला दिला. नावावर १०९३ अमेरिकी पेटंटं! चिरंजीवांनी त्याच्या चरित्रातून नेमकं टिपलं ते एवढंच, की तो शाळेत जेमतेम काही महिने गेला होता.

"मी तर सहावीपर्यंत आलो, बाबा. मला उशीर झाला का?"

मग लाल शाईने लिहिलं, आइनस्टाइन लहानपणी गणितात नापास व्हायचा. ही गोष्ट माझ्या विशेष जिव्हाळ्याची; शाळेतली माझी सगळी प्रगतिपुस्तकं तिच्याच आधारावर उभी आहेत. संध्याकाळी चिरंजीव वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आले. आइनस्टाइन गणितात कधी नापास झालाच नव्हता. पंधरावं लागायच्या आत त्याचं कॅल्क्युलससुद्धा शिकून झालं होतं.

"म्हणजे नापास होणारा तू एकटाच?"

स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीआधी हसू ऐकू आलं.

आता कलामच तारतील, असं वाटलं. १० ऑगस्ट १९७९ला त्यांच्या नेतृत्वाखालचं एसएलव्ही-३ समुद्रात कोसळलं आणि १८ जुलै १९८०ला त्याच यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. मी हे इतकं रंगवून सांगितलं, की माझा मलाच गहिवर आला.

"त्यांना मध्ये अकरा महिने मिळाले," चिरंजीव म्हणाले. "माझी चाचणी सोमवारी आहे."

खऱ्या माणसांचा हा असा त्रास असतो. त्यांची चरित्रं असतात आणि पोरं ती वाचतात. म्हणून मी स्वतःच एक वाक्य पाडलं: 'जो पहाटेशी मैत्री करतो, त्याच्याशी गणित भांडत नाही.' खाली वजनासाठी कलामांचं नाव टाकलं. नेमका १५ ऑक्टोबर, कलामांचा जन्मदिवस, जवळ आला होता. त्या दिवशी शाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

चिरंजीवांनी माझं वाक्य परिपाठात खणखणीत आवाजात वाचलं. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं. दुपारपर्यंत ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे सासऱ्यांनी उगवता सूर्य, गुलाब आणि कलामांचा फोटो जोडून ते मलाच पाठवलं: 'जावईबापू, मनन करावे.' मी हात जोडलेली चित्रं पाठवली. दुसरं करणार काय?

बाईंनी मात्र वहीत शेरा दिला: 'हे वाक्य कोणत्या पुस्तकातले? पालकांनी कळवावे.' तेव्हा चिरंजीवांना सगळा उलगडा झाला. आता ते रोज पाच वाजता मला गदागदा हलवतात, "ऊठ, मैत्री कर," म्हणतात आणि माझ्या ऊबदार जागेवर पांघरूण ओढून झोपतात.