डोळ्यांना गुण किती?

शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की टेबलावर ज्वालामुखी हवाच. मातीचा डोंगर, त्याच्या तोंडात नारिंगी स्फटिक. काडी लावली की ठिणग्या उडतात, हिरवी राख उसळते. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात, पालक मोबाइल पुढे करतात. मुलगा ती राख हाताने गोळा करतो.

ते नारिंगी स्फटिक म्हणजे अमोनियम डायक्रोमेट. त्यातल्या क्रोमियमने कर्करोग होऊ शकतो. मुलाच्या अंगावर पांढराशुभ्र अ‍ॅप्रन आहे. हातमोजे? नाहीत. डोळ्यांवर? काहीच नाही.

म्हणजे अ‍ॅप्रन फोटोसाठी घेतला होता.

तो तरी कसला? बहुतेकदा टेरीकॉटचा, कारण इस्त्री मोडत नाही. सुती कापड पेटलं तर जळून काळं पडतं. टेरीकॉटमधलं पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २३ वर्षांच्या संशोधन सहायकेच्या हातातल्या सिरिंजमधलं रसायन हवेत पेटलं. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, अ‍ॅप्रन नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. नामांकित प्रयोगशाळेत हे घडतं, मग आपल्या सातवी-ब च्या वर्गात काय वेगळं आहे?

‘अहो, शाळेत कसले धोकादायक प्रयोग!’ असं म्हणणारे पालक भेटतातच. त्यांनी मोरचूद तापवताना एकदा मुलाशेजारी उभं राहावं. निळे खडे पांढरे पडू लागतात, सुटलेलं पाणी परीक्षानळीच्या गार भागावर थेंबाथेंबाने जमतं. नळी उभी धरली असेल तर थेंब ओघळून तापलेल्या काचेवर येतो आणि काच तडकते. म्हणून नळीचं तोंड किंचित खाली झुकवायचं आणि शेजाऱ्याकडे कधीच करायचं नाही. पण चाळीस मुलांत एक बर्नर असतो. सगळे वाकून बघत असतात, वेण्या ज्योतीवर लोंबत असतात.

त्या चाळीस जोड्या डोळ्यांवर काय असतं?

‘आमच्या बंड्याला चष्मा आहेच की.’ नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो. उडालेला थेंब समोरूनच येईन असं कबूल करत नाही.

आता घरातला चुना घ्या. सहावीत आपण नळीने फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ केली, कार्बन डायऑक्साइड सिद्ध झाला, टाळ्या. तोच चुना पानवाल्याकडे घट्ट मळलेला, छोट्या पुडीत मिळतो. मूल ती पुडी दाबतं, पुडी फुटते, चुना थेट डोळ्यात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी रसायनाने भाजलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हाच चुना ठळक कारण म्हणून समोर आला. आम्लापेक्षा अल्कली बऱ्याचदा वाईट, कारण ते पेशींतली चरबी विरघळवत आत-आत जातं. निवळीच्या प्रयोगातच हे सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. पण ती दोन मिनिटं जर्नल पूर्ण करण्यात जातात.

आणि बाई किंवा सर स्वतः गॉगल घालतात का? टेबलामागे उभं राहून आम्लाची बाटली उघड्या डोळ्यांनी ओतणाऱ्याने फळ्यावर ‘सुरक्षेचे नियम’ कितीही लिहावेत, मुलं फळा वाचत नाहीत. बाईंकडे बघतात.

दहीहंडीचं आठवा. मुंबईत दादरला आयडियलच्या गल्लीत वरच्या थरावरच्या पोराच्या डोक्यावर आज हेल्मेट दिसतं, कमरेला दोर दिसतो. हे शहाणपण आपोआप आलं नाही. प्रकरण २०१४ साली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मंडळं हलली.

प्रयोगशाळेसाठीही कोर्टाचीच वाट बघायची?

गरज नाही. आपल्याकडे कोर्टापेक्षा जबर हत्यार आहे: गुण. दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुलं प्रात्यक्षिक परीक्षा देतात आणि तिच्या तयारीसाठी दादरचे क्लास भरून वाहतात. त्यात दोन गुण गॉगलला ठेवा. एक गुण बांधलेल्या केसांना आणि बंद बुटांना. आठवड्याभरात प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांतले गॉगल संपतील.

घेताना मात्र डोळ्यांच्या संरक्षणाचं भारतीय मानक, आयएस ५९८३, बघून घ्या. बाजू बंद हव्यात, मागचा पट्टा मुलाच्या डोक्याला बसायला हवा. मोठ्यांचा गॉगल नाकावरून घसरतो आणि मूल तो कपाळावर चढवून ठेवतं. रबरी हातमोजे पेटत्या बर्नरजवळ नकोत.

सवय लावायची तर खायचा सोडा आणि व्हिनेगरपासूनच लावा. धोका नसलेल्या प्रयोगात जो गॉगल घालतो, तो बारावीत संहत सल्फ्युरिक आम्ल हाताळताना विसरत नाही.

तरीही डोळ्यात काही उडालंच, तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून. मग डॉक्टर. लिंबू-सोड्याचे उपाय नकोत.

पुढच्या पालकसभेत गॅदरिंगच्या कपड्यांवर तासभर चर्चा होईल. तेव्हा हात वर करा आणि विचारा: प्रयोगशाळेत गॉगल किती, मुलांच्या मापाचे किती आणि तासाच्या वेळी तिथल्या नळाला पाणी असतं का?