टपावरील सूर्य

माणसाने घर सोडून हिंडावे, असे माझ्या धाकट्या मेव्हण्यांचे ठाम मत आहे. हिंडताना घर सोबत न्यावे, हे त्याच मताचे दुसरे कलम. या दोन्ही कलमांच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी एक वयस्क टेम्पो ट्रॅव्हलर खरेदी केली, तिच्यातील आसने उपटून त्या जागी दोन बाकडेवजा पलंग, एक शेगडी, एक मोरी आणि एक ठेंगणा फ्रिज यांची प्रतिष्ठापना केली, आणि या फिरत्या संसाराला वीज कोठून पुरवावी असा प्रश्न उपस्थित होताच टपावर चार सौर पॅनेले बसवण्याचे फर्मान काढले. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तीही बहुतेक सरलेली, आणि पॅनेलांची हमी मात्र पंचवीस वर्षांची, तेव्हा वाहन पंचत्वात विलीन झाल्यावर टपाने एकट्याने वीज निर्माण करीत राहावे की काय, अशी शंका मी मांडली, त्यावर मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, तुम्ही फक्त शिडी धरा."

आमच्या घराण्यात दुरुस्ती निघो वा मंगलकार्य, मला काहीतरी धरायला देतात. आजवर मी शिडी, दोरी, विजेरी, नवरदेवाची छत्री आणि, सौभाग्यवती बोलत असता, मौन धरलेले आहे. उंचीचे मला उपजत भय असून वजन स्वकष्टार्जित आहे, आणि या दोहोंच्या संयोगाने मी धरलेली शिडी कधीही हलत नाही, असा माझा लौकिक आहे.

हे काम वास्तविक राहत्या इमारतीच्या आवारात उरकावयाचे, म्हणून मेव्हण्यांनी रीतसर दरखास्त दिली. परंतु सोसायटीच्या चिटणिसांनी तिच्यावर "आवारातील सूर्यप्रकाश सामायिक मालकीचा असल्याने नामंजूर" असा शेरा मारल्यामुळे मोहीम कर्जतेस हलवावी लागली, जेथे काशेळे रस्त्यालगत मेव्हण्यांच्या एका स्नेह्याचे शेतघर आणि जवळच्याच गावात एक हुन्नरी मिस्त्री उपलब्ध होते. मिस्त्री मे महिनाभर दुसऱ्यांच्या बंगल्यांवर पाणी तापवण्याचे बंब चढवण्यात गुंतलेले होते, सबब आम्हांला तारीख मिळाली ती जूनच्या पूर्वार्धातील, म्हणजे ज्या पंधरवड्यात सूर्य या तालुक्याचा सुमारे चार महिन्यांसाठी निरोप घेतो, नेमकी तीच.

प्रवासात मेव्हण्यांनी आमचे प्रबोधन केले. प्रकाशापासून विजेचा प्रवाह निर्माण होतो ही गोष्ट १८३९ साली एदमाँ बेकरेल नावाच्या फ्रेंच तरुणाने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उघडकीस आणली आणि व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला, एवढे सांगून ते थांबले. एकोणिसाव्या वर्षी मी काय करीत होतो, हे सौभाग्यवतींनी विचारले नाही, केवळ माझ्याकडे पाहिले. पुढे असे समजले की पॅनेलला ऊन हवे असते पण उष्णता सोसत नाही. पंचवीस अंशांच्या वर त्याचे अंग जसजसे तापते तसतसे त्याचे उत्पादन घटते. हा स्वभाव मला अगदी जवळचा वाटला, कारण मलाही आमरस हवा असतो, पण आंबे पिळणे सोसत नाही.

चौक फाट्यावरून इर्शाळगड दिसला. त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गडप झाली, माणसे झोपेत असताना. मेव्हण्यांनी गाडीतले गाणे आपण होऊन बंद केले आणि ते पुष्कळ वेळ कोणी पुन्हा लावले नाही.

कर्जतविषयी इतिहासकारांनी जे लिहावयाचे ते लिहावे. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की येथून पुढे बोरघाटाचा सदतीसास एक असा चढ लागत असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीस जादा इंजिने जोडतात, आणि ती जोडली जात असता उतारूंना जो अवकाश लाभतो त्यातूनच येथील बटाटेवड्याची कीर्ती वाढली. कोणी मागून ढकलल्याखेरीज आयुष्यात मीही कोठे चढलो नसल्याने या स्थानकाविषयी मला आत्मीयता आहे. तेथून काशेळ्यापर्यंत दुतर्फा मात्र 'निसर्गाच्या कुशीत तुमचे दुसरे घर' अशी आमंत्रणे देणारे फलक इतक्या दाटीने उभे आहेत की निसर्ग पाहावयाचा तर फलकांच्या पायांमधून वाकून पाहावा लागतो. ज्यांना पहिल्या घरात स्वस्थ बसवत नाही, त्यांनी दुसऱ्यासाठी भाताची खाचरे का बुजवावीत, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेले नाही.

शेतघरी पोचल्यावर गाडी कोठे उभी करावी यावरून पहिला तंटा झाला. मेव्हण्यांनी ती आंब्याखाली लावली, कारण काम करणाऱ्यांना सावली हवी; मिस्त्रींचे म्हणणे असे की पॅनेले एकामागोमाग एक जोडली असता त्यांतील एकावर जरी फांदीची छाया पडली तरी सगळ्या रांगेचा प्रवाह आखडतो, तेव्हा चाचणीसाठी गाडी उघड्यावर हवी. गाडी उघड्यावर गेली. त्यानंतर मी, कोणीही न विचारता, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा दाखला देऊन निवेदन केले की नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात परवानगीवाचून करता येत नाही, तेव्हा टपाला भोक पाडण्याचा स्वतंत्र अर्ज कोणत्या कचेरीत करावा? मिस्त्रींनी मला शिडी दिली.

आणि त्यांनी भोक पाडले. तारा आत घेण्यासाठी भोक अटळ होते, हे मला मान्य आहे. परंतु एवढ्या प्रशस्त टपावर त्यांना जी जागा पसंत पडली ती माझ्या नियोजित उशीच्या बरोबर वर होती. भोकाचा कीस खाली पडतो न पडतो तोच ढाकच्या डोंगरामागून एक काळा ढग निघाला आणि, वरिष्ठ अधिकारी अचानक तपासणीस यावा तशा रुबाबात, कोणाकडेही न पाहता थेट आमच्या गाडीवर येऊन थांबला. शेतघराच्या ओसरीवर एक म्हातारी शेरडे घेऊन आडोशाला उभी होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ, अंगावर पाण्याचा थेंब नाही. ती कनवाळूपणे म्हणाली, "आभाळ भरलं आसताना घराला भोक कोन पारतो रं बाबा?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाही सुशिक्षिताला देता आले नाही.

भोकाभोवती लावावयाचे जे सीलंट मेव्हण्यांनी मुंबईहून आणले होते, त्याच्या नळीवर असे लिहिलेले होते की ते हवेतील आर्द्रतेने घट्ट होते, तथापि लावतेवेळी पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा. आर्द्रतेची टंचाई नव्हती. ती टपावरून पन्हळीने वाहत होती. मेव्हणे पुसत, मिस्त्री नळी दाबत, आणि दोहोंच्या मध्ये जो एका निमिषाचा अवधी पडे, त्यात अर्धा टप पुन्हा ओला होई. इतक्यात वीज गेली. पॅनेले बसवावयाची तर ड्रिल हवे, ड्रिलला वीज हवी, आणि वीज हवी तर पॅनेले बसलेली हवीत, असे हे शास्त्रशुद्ध अन्योन्याश्रयाचे उदाहरण मी न्यायशास्त्राच्या ग्रंथांतही पाहिलेले नाही. चारांपैकी दोन पॅनेले स्क्रूंनी जखडलेली आणि दोन नुसतीच टेकवलेली, वाऱ्याने त्यांच्या कडा उचलताच मिस्त्री त्यांच्यावर पालथे पसरले आणि तेथूनच त्यांनी ओरडून सांगितले, "काकांना दोरी द्या!"

मी दोरी धरली. काही वेळाने आतून सौभाग्यवतींचा आवाज आला की पाणी भोकातून नुसते टपकत नसून तारेवरून घरंगळत इन्व्हर्टरकडे चालले आहे. तारेला मध्ये खाली झोल दिला तर ते झोलाशीच गळून पडेल, हे तिने कोणतेही पुस्तक न वाचता ओळखले आणि चाकूने सुतळी कापून तसा झोल दिलाही. त्या झोलाखाली धरण्यासाठी मला दोरीऐवजी पातेले देण्यात आले. अंधार पडला, मिस्त्री ताडपत्री बांधून घरी गेले, मेव्हणे निद्राधीन झाले, आणि मी पातेले धरून बसलो.

अशा स्थितीत मनुष्य विचार करतो. ज्या पावसाने आमची वीज अडवली होती, त्याच पावसापासून या मुलखाने शतकापूर्वी वीज काढली होती. लोणावळ्याच्या माथ्यावरचे, एरवी इंद्रायणीने पूर्वेस जाऊन बंगालच्या उपसागरास मिळावयाचे पाणी, टाटांनी वळवण आदी तलावांत अडवले, सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून खोपोलीस सोडले, आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरू लागल्या. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले, आणि तेथून बाहेर पडलेल्या पाण्यामुळे पेज नदी ऐन वैशाखातही वाहते. मुंबईकडे जाणाऱ्या या विजेचे मनोरे १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांनी आणि त्यांच्या आझाद दस्त्याने रात्री करवतींनी कापले. वकिलीची सनद असलेला, जेमतेम तिशीचा तो गृहस्थ पुढे सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे आपले साथीदार हिराजी पाटील यांच्यासह गोळ्यांनी मारला गेला. त्याच्या हातात करवत होती आणि माझ्या हातात पातेले. मी ते दोन्ही हातांनी नीट धरले.

सकाळी पाऊस थांबला. मिस्त्रींनी उरलेली दोन पॅनेले जखडली, कोरड्या फडक्याने पुसलेल्या टपावर सीलंट लावले आणि तारा जोडल्या. चारशे वॅटच्या त्या सरंजामातून, ढगांच्या आडून जेवढा सूर्य मिळाला तेवढ्यावर, छत्तीस वॅट उत्पन्न झाल्याचे कंट्रोलरच्या चिमुकल्या पडद्यावर दिसले. मेव्हण्यांचे डोळे भरून आले. सौभाग्यवतींनी चटणीसाठी मिक्सर लावण्याचा प्रस्ताव मांडताच मेव्हण्यांनी तो हातांनी अडवला आणि त्या विजेचा पहिला मान म्हणून म्हातारीचा मोबाइल चार्जिंगला लावला. तिची पोर उल्हासनगरला दिलेली होती आणि रात्रीपासून तिचा फोन लागत नव्हता. फोन लागला, म्हातारी दहा मिनिटे मोठमोठ्याने शेरडांविषयी बोलली.

मिस्त्रींचा हिशेब चोख होता. मजुरी, ड्रिलचे पाते, ताडपत्रीचे भाडे, पावसामुळे झालेली खोटी, आणि शेवटी निराळ्या शाईत एक रक्कम, जिच्यापुढे 'शिडी धरणारा हेल्पर (वजा)' असे लिहिलेले होते. मेव्हण्यांनी सर्व रकमा निमूटपणे मान्य केल्या. शेवटची वजावट मात्र अपुरी आहे, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले.