वंगणशास्त्राचे एक उपेक्षित प्रकरण

यंत्रमागाच्या कोणत्या सांध्यात किती तेल सोडावे, कोणते तेल विणल्या जाणाऱ्या टॉवेलवर उडाले तर माल परत येतो, आणि कोरडा चालणारा भाग आधी कुरकुरतो, मग तापतो व शेवटी झिजतो, हे ज्ञान सोलापूरच्या पूर्व भागात कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना बापाकडून मुलाकडे आले आहे. घर्षणाचे हे नियम शयनगृहाच्या दारापाशी रद्द होत नाहीत. तरीही तेथील कोरडेपणाला वय, नशीब किंवा प्रेमाची ओहोटी यांपैकी एखादे कारण चिकटवून जोडपी गप्प राहतात.

वस्तुतः कारणे बरीच साधी आहेत. स्तनपानाच्या काळात आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन या, योनिमार्गाचे अस्तर ओलसर ठेवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण घटते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या नाक सुकवता सुकवता इतर ओलावाही सुकवतात. आणि पुरुषवर्गाची घाई हे कारण औषधशास्त्रात नोंदलेले नसले तरी त्याचा प्रादुर्भाव सर्वांत मोठा असावा.

असल्या प्रश्नांना मराठीत छापील उत्तरे देण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी केले. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, आणि वाचकांच्या कामविषयक शंकांना सरळ उत्तरे देत अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, तरीही कर्व्यांना दंड झालाच. मासिक कर्व्यांबरोबर १९५३ मध्ये संपले; शंका मात्र संपल्या नाहीत, त्या आता मेडिकलच्या काउंटरवर येऊन अडखळतात. गिऱ्हाईक आधी डोकेदुखीच्या गोळ्या घेते, शेजारचा माणूस हलेपर्यंत खोकल्याच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचते आणि मग हळूच “जेली द्या” म्हणते, त्यावर दुकानदार, आतल्या पोऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, “कुठली, बधिर करायची का सोनोग्राफीची?” असे विचारतो. यांपैकी बधिर करणारी, म्हणजे लिग्नोकेनची जेली, या कामी सर्वांत वाईट होय, कारण वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते आणि सूचनाच दाबली की इजा झालेली कळत नाही.

काउंटरवरून रिकाम्या हाताने परतलेला मनुष्य स्वयंपाकघराकडे वळतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि खोबरेल तर चोवीस अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे त्या दिवसांत ते सदैव तयार असते. करडईचे तेलही हाताशी असते. मात्र कंडोम ज्या लॅटेक्सचा, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा, बनलेला असतो, तो तेलाने कमकुवत होतो, आणि खनिज तेल, बेबी ऑइल वा व्हॅसलिन यांच्या बाबतीत त्याला काही मिनिटेही पुरतात. ज्या घरात कंडोम वापरतात तेथे तेलाची बाटली फोडणीपुरतीच असावी. शेंगाचटणी हाताने कालवली असल्यास साबणाने दोनदा हात धुणे हेही या शास्त्राचे अंगच मानावे. तिखटाचा दाहक अंश नुसत्या पाण्याने जात नाही, आणि याचा पुरावा मागणाऱ्याने तो स्वतः गोळा करू नये.

लॅटेक्सशी वंगणाच्या दोन प्रकारांचे जमते. पाण्यावर आधारलेली जेली धुऊन जाते, पण पंख्याखाली लवकर सुकते. अशा वेळी आणखी जेली ओतण्यापेक्षा पाण्याचे चार थेंब पुरतात. सिलिकॉनची जेली टिकाऊ असते, मात्र महागही पडते. पाण्याच्या जेलीत ग्लिसरीन फार असेल तर ती इतकी संपृक्त होते की पेशींतलेच पाणी ओढून घेते आणि ज्या कोरडेपणावर उपाय करायचा तोच वाढवते. या ओढीच्या मापाला परासारिता म्हणतात. शरीरातील द्रवांची परासारिता सुमारे ३०० असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये जेलीसाठी १२०० ची कमाल मर्यादा सुचवली. हा आकडा नळीवर क्वचितच छापतात. तेथे स्ट्रॉबेरीचे चित्र मात्र ठळक असते. योनिमार्ग मुळात किंचित आम्ल असल्याने जेलीही तशीच, पीएच ४.५ च्या आसपासची, असलेली बरी. मूल हवे असलेल्या दांपत्याने नेहमीच्या जेलीबाबत डॉक्टरांना विचारावे, कारण पुष्कळ जेल्या शुक्रजंतूंची चाल मंदावतात, आणि फुकटची म्हणून वापरली जाणारी लाळही त्याला अपवाद नाही.

शेवटचा निकष चादरीचा. पाण्याच्या जेलीचा डाग साध्या धुण्याने जातो. सिलिकॉनचा आणि तेलाचा भांडी घासण्याचा साबण चोळल्याशिवाय हलत नाही. एकत्र कुटुंबात ती चादर गच्चीवर वाळत पडल्यावर “हे कसलं तेल सांडलं गं?” या सासूबाईंच्या प्रश्नाला ‘डोक्याला लावताना खोबरेल सांडलं’ हे उत्तर टिकत नाही, कारण डाग उशीच्या बाजूला नसतो.