पन्नास अंशांचा प्रश्न

अमेरिकेतला शौकीन जुनी लष्करी रायफल विकत घेतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती ग्रीसशी. रायफल आत कुठेतरी असते. मोसिन-नागां ही रशियन रायफल १८९१ साली सैन्यात दाखल झाली, १९३० साली तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात ती लाखांनी घडवली गेली. युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी या रायफली दुरुस्त केल्या, नखशिखान्त तपकिरी ग्रीसमध्ये बुडवल्या आणि पुढच्या युद्धासाठी लाकडी पेट्यांत निजवल्या. ते युद्ध पेट्यांपर्यंत काही पोचलं नाही. आधी सोव्हिएत संघच आटोपला, आणि एकेकाळी शंभर डॉलरच्या आत एक नग, या भावाने हा ऐवज ज्या शत्रूसाठी जपला होता त्याच्याच दुकानांत जाऊन बसला. शत्रूनेही मग त्याच्याशी युद्ध पुकारलं: तारेचा ब्रश, ओव्हन साफ करायचं जहाल रसायन, पेट्रोल, जे हाताला लागेल ते.

माझं म्हणणं एवढंच की हे युद्ध अनाठायी आहे. लोणच्यावरचं तेल जे करतं तेच हे ग्रीस करतं, हवा आणि ओल आत येऊ देत नाही; आणि त्याने ते इतकं चोख केलं आहे की अर्धशतकाने खालचं पोलाद तसंच्या तसं निघतं. त्याच्या अमेरिकी भाऊबंदाचं, कॉस्मोलिनचं, उदाहरण घ्या. फिलाडेल्फियाच्या हॉटन कंपनीचं हे उत्पादन एकोणिसाव्या शतकात जखमेवर लावायचं मलम म्हणून विकलं जाई. म्हणजे जे मुळात मऊपणासाठी प्रसिद्ध, त्यावर लोक तारेचा ब्रश चालवतात. तेही साधारण पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तेव्हा प्रश्न ताकदीचा नाही, तापमानाचा आहे. सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवले, की ग्रीस आपणहून सुटतं आणि कागद ते पिऊन टाकतो. अग्रलेखांचा याहून भरीव उपयोग क्वचितच होत असेल.

यावर घाईवाल्यांचा आक्षेप ठरलेला: पेट्रोलने हेच काम दहा मिनिटांत होतं. होतं की! पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते, आणि अमेरिकी गॅरेजात पुष्कळदा कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब मंद ज्योत लावून वाटच पाहत असतो. ग्रीस जातं, सोबत गॅरेजही. उकळत्या पाण्याचे पुरस्कर्ते अधिक शहाणे, कारण त्यांनी उष्णतेचं तत्त्व मान्य केलंय; फक्त उघड्या पडलेल्या पोलादावर बघता बघता तांबूस गंज धरतो, म्हणून भाग गरम असतानाच पुसून लगेच तेलाचा हात फिरवावा लागतो. तिसरा पंथ भांडी धुण्याच्या यंत्राचा. त्यात ग्रीस वितळतं खरं, पण नाहीसं होत नाही. ते पाइपात जातं, थंड होतं आणि तिथेच बिऱ्हाड करतं; वाटेत बशांनाही लागतं. यंत्र बायकोचं असेल तर पुढचा भाग शस्त्रविद्येत मोडत नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. वर्षानुवर्षांत ग्रीसमधला उडून जाणारा अंश उडतो आणि उरलेलं मेणासारखं घट्ट होतं. नुसत्या उन्हाने ते सांदीकोपऱ्यातून हलत नाही. बोल्टच्या पोटात ते राहिलं तर थंडीत फायरिंग पिनचा टोला मंदावतो आणि काडतूस उडतच नाही. चेंबरमध्ये राहिलं तर उडालेल्या काडतुसाचं टरफल आतच चिकटतं, आणि मग बोल्ट उघडायला लाकडी हातोडा शोधत फिरावं लागतं. तिथे बोल्ट सुटा करून मिनरल टर्पेंटाइन आणि नायलॉनचा ब्रश यांना पर्याय नाही. उघड्यावर, विस्तवापासून लांब. पण हेसुद्धा ऊन देऊन झाल्यावर. नरम झालेल्या ग्रीसला थोडकं टर्पेंटाइन पुरतं, घट्ट ग्रीसला डबा रिकामा करावा लागतो.

लाकडी दस्त्याच्या बाबतीत तर घाईवाल्यांकडे उत्तरच नाही. लाकडात मुरलेलं ग्रीस एका बैठकीत निघत नाही. साफ झालासा वाटणारा दस्ता उन्हात नेला की पुन्हा घाम फुटल्यासारखा पाझरतो, आणि नेम धरणाऱ्याच्या गालाला तपकिरी टिळा लागतो. ओव्हनचं रसायन ओतलं तर ग्रीसबरोबर वरचं लाखेचं पॉलिशही उतरतं. ते स्पिरिटनेही विरघळतं, म्हणून स्पिरिटचा बोळाही दूर ठेवायचा. ही लाख बहुतकरून आपल्याकडच्या जंगलांतली, झाडांवर पोसलेल्या किड्यांची कमाई. निदान आपण तरी तिचा अपमान करू नये. पॉलिश राखायचं असेल तर दस्ता हलका गरम करावा, पाझरलेलं कापडाने टिपावं, वर खडूची पूड भुरभुरावी, झटकून टाकावी, आणि पुढल्या उन्हाळ्यात हाच कार्यक्रम पुन्हा करावा.