मुंबई-न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर आणि पहिले दीडशे

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेले कमीत कमी अंतर, सुमारे 12,500 किलोमीटर आहे आणि त्याविषयी जाणकारांत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते तासांविषयी, आणि ते बहुधा पुण्यातील एखाद्या दिवाणखान्यात, मुलाकडे निघालेले वडील 23 किलोंची बॅग उचलून वजनकाट्यावर उभे असताना आणि बेरजेतून स्वतःचे वजन सर्वांसमक्ष वजा करून घेत असताना, उफाळून येतात.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणारे काका विमानाला थेट पश्चिमेकडे धाडतात. वस्तुतः गोलावरचा जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशीच येतो अशा वर्तुळावरून, जातो; तो वायव्येला चढत आइसलँडच्या अक्षांशापर्यंत पोचतो आणि मगच खाली उतरतो. अर्थात हा झाला कागदावरचा मार्ग. पाकिस्तानने 2025च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना आरंभीच वळसा आला. त्यात सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वेगवान वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, जाताना तोंडावर येतात आणि परतताना पाठीशी राहतात, म्हणून ढोबळमानाने जायला सोळा तास लागत असतील तर यायला चौदा पुरतात.

मात्र या प्रवासातील सर्वांत गहन भाग पुणे ते मुंबई विमानतळ हा दीडशे किलोमीटरांचा आहे, याकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष केलेले दिसते. घाटात एखादा ट्रक आडवा झाला आणि चेंबूरला गाड्यांची रांग लागली, की या टप्प्याला चार तास सहज लागतात, आणि तेवढ्या वेळात विमान तीन हजार किलोमीटर कापते. शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोचायचे असल्याने, आणि घरातील ज्येष्ठांच्या मते तीन म्हणजे पाच, मंडळी दुपारच्या चहानंतर निघून रात्री एकच्या विमानाची वाट पाहत डब्यातल्या दशम्या संपवतात.

खरी अडचण तिकिटावरच्या वेळांची आहे, कारण त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापण्याची रीत आहे आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते. रात्री एकला सुटलेले विमान त्याच तारखेच्या सकाळी साडेसहाला उतरते, तर परतताना रविवारी दुपारी बाराला सुटलेले सोमवारी दुपारी साडेबाराला. काका सरळ वजाबाकी करून जायला साडेपाच आणि यायला साडेचोवीस तास जाहीर करतात. दोन्ही आकडे साफ चुकीचे असले तरी त्यांची बेरीज तीस, म्हणजे सोळा अधिक चौदा, इतकी बिनचूक येते की काकांना त्यांची चूक पटवून देणे आजवर कोणालाही जमलेले नाही.